चाकूरला न थांबणारी गाडी

नांदेड-लातूर गाडीत बसले की माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागतात. समोरच्या सीटच्या दांड्यावर, पर्सवर, कधी शेजारणीच्या पिशवीवरसुद्धा. नांदेडला अंगठा, सोनखेडला तर्जनी, लोह्याला मधलं बोट. लोहा सुटलं की अंगठा तळहाताखालून हळूच पुढं सरकतो आणि माळाकोळीवर जाऊन बसतो. एकदा शेजारच्या बाईंनी काळजीनं विचारलं, "हाताला वात हाय का वो?" मी म्हटलं, नाही हो, शिक्षण आहे. त्या पुढच्या थांब्यावर जागा बदलून बसल्या.

हे शिक्षण ज्यांनी दिलं ते एस.टी.चे निवृत्त कंडक्टर होते आणि लातुरातल्या पोराबाळांना पियानो शिकवायचे. आम्ही त्यांना कंडक्टर काका म्हणायचो. पाठीच्या दुखण्यानं त्यांनी नोकरी लवकर सोडली होती, पण नोकरीनं काही त्यांना सोडलं नव्हतं. अंगात खाकी सदरा, कानावर पेन्सिल आणि खिशात तिकीट पंच करायचा चिमटा. हा चिमटा तुमच्याकडं कसा राहिला, असं मी एकदा विचारलं. मला लहानपणापासून नको ते विचारायची आणि दिसेल ते झाकण उघडून बघायची खोड. ते म्हणाले, "हरवला म्हून लिवून दिलं." आणि चिमटा पुन्हा खिशात ठेवला.

जुन्या तहसिलीच्या मागं निजामाच्या काळातल्या साहेबलोकांचा क्लब होता. पोलीस ॲक्शननंतर साहेब गेले, मग खुर्च्या गेल्या, पडदे गेले, टेनिसची जाळीसुद्धा कोणीतरी शेळ्यांच्या कुंपणाला नेली. पियानो तेवढा राहिला, कारण तो चार माणसांना उचलत नव्हता. गावात त्याला कोणी पियानो म्हणत नसे. पेटीला आम्ही बाजा म्हणायचो, म्हणून हा मोठा बाजा. हॉल रोज झाडून काढतो, बदल्यात मला बाजाजवळ बसू द्या, असा सौदा काकांनी किल्लीवाल्या शिपायाशी केला होता. पुढं शिपाई बदलले, सौदा तसाच राहिला.

आता शिकवणं. सारेगम नाही, इंग्रजी अक्षरं नाहीत. मधल्या आठ पांढऱ्या पट्ट्या म्हणजे नांदेड-लातूर रस्ता. नांदेड, सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर. अंगठा ड्रायव्हर. हाताला बोटं पाच आणि थांबे आठ, म्हणून लोह्याला ड्रायव्हर बदलतो, म्हणजे अंगठा खालून पुढं येतो. काळ्या पट्ट्या विनंती थांबे, कोणी हात केला तरच थांबायचं. सूर लांबवायचा असेल तर 'मुक्काम'. मध्ये गप्प राहायचं असेल तर 'चहापाणी'. त्या आठांच्या अलीकडच्या-पलीकडच्या पट्ट्यांना हात लावला की चिमटा बाकाच्या दांड्यावर आपटायचा. "ते दुसऱ्या डेपोचं हाय!"

पहिला धडा 'लोहा रिटर्न'. नांदेड, सोनखेड, लोहा आणि उलटं परत. दुसरा 'अहमदपूर एक्सप्रेस', नांदेडवरून थेट लोहा, तिथून थेट अहमदपूर. या तिन्ही पट्ट्या एकदम दाबल्या की हॉल भरून जायचा. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी घाबरून हात काढला होता. मग लगेच पुन्हा दाबून बघितलं. एवढ्याशा तीन बोटांतून एवढं मोठं काय निघालं, ते मला कळेना. मी काकांना विचारलं तर ते म्हणाले, "तीन गाड्या एकदम सुटल्या की स्टँडवर असाच आवाज होतो."

वेळ चुकू नये म्हणून ते चिमटा वाजवत राहायचे, टक टक टक टक. सुरुवात करायची तर तोंडानं डबल बेल, "टिंग टिंग!" आणि चुकलं की एकच "टिंग". मग गाडी जागेवर थांबवायची. कोणाला मारलं नाही, कोणावर ओरडले नाहीत. फार तर म्हणायचे, "गाडी पळवू नगा. लोकं पडतेत."

पण त्यांच्या या रस्त्यावर एक भानगड होती. चाकूरची पट्टी वाजतच नव्हती. दाबली की लाकडावर बोट टेकल्याचा नुसता ठप्प आवाज. शिरूर ताजबंदवरून थेट लातूर. आम्हाला शिकवलेलं असं, की चाकूरला अनामिका उचलायची, क्षणभर हवेत धरायची, पण टेकवायची नाही. आमच्यात एक पोरगा चाकूरचाच होता, इथं मामाकडं राहायचा. त्याला हे फार लागलं. "काका, आमच्याकडं तं सगळ्या गाड्या थांबतेत!"

"ही सुपर एक्सप्रेस हाय."

"पण काहून थांबत न्हाई?"

"चाकूरची माणसं हुशार. पायी जातेत."

मी विचारलं की वेगळं उत्तर मिळायचं. रस्ता खराब हाय. फाट्यावर झाड पडलंय. चाकूरचा पाशिंजर झोपलाय, उठवू नगा. एकदा मी वरचं झाकण उघडायला गेले तर त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "इंजिनाचं बॉनेट पाशिंजरनं उघडायचं नसतंय!" मी हात मागं घेतला, पण ते झाकण माझ्या डोक्यात तेव्हापासून उघडंच राहिलं.

ते स्वतः कुठं शिकले याचीही अशीच चार उत्तरं. त्यातलं एक मला खरं वाटतं. मिशनच्या एक म्हाताऱ्या बाई दर शनिवारी नांदेडहून त्यांच्या गाडीत बसायच्या, मांडीवर पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंकेवर बोटं वाजवायच्या. यांनी विचारलं, हे काय करून राहिलात? बाईंनी यांचा हात धरून ट्रंकेवर ठेवला. एका शनिवारी जेवढं जमेल तेवढं, एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत. पुढं बाई यायच्या बंद झाल्या. म्हणजे काका पियानो शिकले ते पियानो न बघता, पत्र्यावर, आणि सूर त्यांना भेटले ते थांब्यांच्या नावानं. खऱ्या पट्ट्यांवर पहिल्यांदा बोट ठेवलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे मी विचारायला पाहिजे होतं. एवढं एकच विचारायचं राहून गेलं.

मी आठ वर्षांची असताना तो मोठा दुष्काळ पडला. आम्ही पोरं तेव्हा बाजावर नवी होतो, 'लोहा रिटर्न'च्या पुढं कोणाची गाडी गेली नव्हती. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, शाळेत सुकडी आणि टँकर आला की गल्लीत घागरींची रांग. आमच्या वडलांची, अप्पांची, आडत होती, पण आडतीवर मालच येत नव्हता. अप्पा दिवसभर रिकाम्या तराजूशेजारी बसून जपमाळ ओढायचे.

त्या वर्षी काकांनी आम्हाला फी लावली. रोज एक तांब्या पाणी. प्यायला नव्हे, बाजाला.

झालं होतं असं, की काही वर्षांपूर्वी हैदराबादचे एक म्हातारे मिस्त्री बाजा सुरात लावून गेले होते. जाताना म्हणाले होते, "लकडी प्यासी है मियाँ. पेट में पानी रक्खो, नै तो फटती." काकांनी ते शब्दशः मनावर घेतलं. बाजाच्या खालच्या फळीमागं जर्मनचं एक पातेलं ठेवलं आणि ते रोज भरायला लागले. हवा सुकली की लाकूड आकसतं, तारांच्या खुंट्या सैल होतात, सूर उतरतात, आणि एकदा का आतली मोठी फळी तडकली की बाजा कायमचा गेला. हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या माणसासारखा झाला होता. आणि आम्ही पोरं तांबे झाकून, सदऱ्या-झग्याआड धरून पाणी न्यायला लागलो.

आमच्या आईच्या ते लगेच लक्षात आलं. पाण्याचा थेंब कुठं गेला हे त्या साली प्रत्येक बाईला कळत होतं. मला सगळ्यांसमोर बोलणी बसली. "माणसाला प्यायला न्हाई आन त्या खोक्याला पाजतंय व्हय!" तिनं गल्लीतल्या सगळ्या आयांना सांगितलं आणि एका दिवसात बाजाचं पाणी बंद झालं. आठ-दहा दिवस पातेलं कोरडं होतं. आम्ही जायचो, वाजवायचो. काका चिमटा वाजवायचे, पण मध्येच थांबून बाजाच्या अंगाला कान लावायचे.

मग एके दिवशी आई स्वतः माझ्याबरोबर निघाली. भांडायलाच निघाली होती. तिला संशय होता की तो माणूस पाणी स्वतः वापरतो. काकांनी खालची फळी काढली आणि पातेलं दाखवलं. आतून खडूनं रेघा मारलेल्या होत्या, रोज किती पाणी उतरलं त्याच्या. आई वाकली. मग पदर खोचून खाली बसली आणि थेट आत डोकं घातलं. झाकणं उघडायची खोड मला कोणाकडून आली, ते तेव्हा कळलं.

"एवढं पाणी खरंच पितंय हे?"

"हाव, आक्का. रोज दोन बोटं."

"त्याला चव कळती का?"

काका गोंधळले. "चव?"

"न्हाई, भांडे इसळलेलं पाणी चालंल का? तांदळाचं धुवण? लेकरायला आंघोळ घातलेलं?"

काकांनी वाकून पातेल्याकडं बघितलं. पाजायचं म्हणजे प्यायचंच पाणी, यापलीकडं त्या भल्या माणसाचं डोकं गेलंच नव्हतं. इतकी वर्षं लोकांना सुट्टे द्यायची हुशारी असलेला माणूस, पण हे सुचलं नाही. आई उठली, पदर सोडला आणि म्हणाली, "उद्यापासून बालटी पाठवते." त्या उन्हाळ्यात बाजाला कधी वरणाचा वास यायचा, कधी साबणाचा, आणि दर सोमवारी आमच्या घरून पिंडीवरचं पाणी यायचं, त्यात बेलाचं पान तरंगत असायचं. पाऊस येईपर्यंत बाजा टिकला. काका पुढं कितीतरी दिवस सांगत, "आक्कानं वाचवला." आईला ते ऐकायला आवडायचं.

मी शिकत राहिले आणि मग धाकट्यांना शिकवायला लागले. लातूर वेगळा जिल्हा व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात मी हैदराबादला मावशीकडं गेले. मावसबहिणीच्या शाळेत पियानो होता. मोठ्या ऐटीत बसले आणि नांदेडवरून गाडी सोडली. शिरूर ताजबंदपर्यंत छान गेली. मग माझी अनामिका हवेत उचलली गेली आणि करंगळी लातूरला पोचली. तिथल्या बाई म्हणाल्या, एक सुटलं. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा सुटलं. त्यांनी माझं बोट धरून त्या पट्टीवर दाबलं. चाकूर वाजलं. मी दचकले. दहा वर्षं मी त्या रस्त्यावरून गेले होते आणि हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. लातूर यायच्या अगदी आधीचा, घराच्या दाराशी येऊन थांबल्यासारखा. मला काकांचा राग आला. खूप राग आला.

लातूरला आल्यावर काका चहाला गेलेले बघून मी बॉनेट उघडलं. वाटलं होतं तार तुटलेली असेल. त्या एका पट्टीच्या तारा तिन्ही शाबूत होत्या. तारेवर आपटणारी लाकडी हातोडी मात्र लाल नाड्यानं मागं बांधून टाकलेली होती. नाडा जुना, विटलेला, गाठ दुहेरी. कोणीतरी मुद्दाम, नीट बांधली होती.

काका मागं येऊन उभे राहिले होते. रागावले नाहीत.

"खुंटी सैल हाय," ते म्हणाले. "किती पिळली तरी सांजच्याला उतरती. खोटा सूर निघतो. लहान लेकरायच्या कानात एकदा खोटा सूर बसला की जन्मभर निघत न्हाई. म्हून बांधलं. खोटं ऐकू देण्यापरीस..." आणि त्यांनी झाकण बंद केलं.

"कधीपासून?"

"त्या दुष्काळापासून."

मी मनात दिवस मोजले. पातेलं कोरडं होतं ते आठ-दहा दिवस. "आमच्या आईनं पाणी बंद केलं तेव्हा?"

"न्हाई न्हाई," ते घाईघाईनं म्हणाले. "ऊनच लई होतं त्या साली."

हैदराबादचे मिस्त्री तोवर वारले होते. डेपोतल्या फिटरनं करून दिलेल्या पान्यानं बाकीचे सूर काका स्वतः पिळून जागेवर आणत. चाकूर तेवढं त्यांच्या हाती लागलं नाही. आईला ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. त्यांनी दहा वर्षं झाकलेली गोष्ट मी काय म्हणून उघडायची?

मग जिल्हा झाला. फटाके उडाले, गंजगोलाईत पेढे वाटले, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. काकांनी पेढा घेतला आणि विचारलं, "आता बाजाचं काय?" सगळे हसले. जिल्ह्याचा आणि बाजाचा काय संबंध? पण त्यांचा अंदाज बरोबर निघाला. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या हव्या होत्या आणि कचेऱ्यांना खोल्या. महिन्याभरात एक सभ्य गृहस्थ फीत घेऊन आले, हॉल मोजला आणि म्हणाले, आठ दिवसांत हे हलवा, नाहीतर आम्हाला बाहेर काढून ठेवावं लागेल. बाहेर म्हणजे उघड्यावर. बाजा उघड्यावर एक उन्हाळा काढणार नाही, हे मला कळत होतं, काकांना तर कळतच होतं.

मी लातुरातल्या शाळा पालथ्या घातल्या. कोणाकडं जागा नव्हती, कोणाला पेटी पुरेशी होती. काकांच्या खोलीच्या दारातून बाजाचा कोपराही आत गेला नसता. त्या आठवड्यात ते जेवत नव्हते, नुसतं चिमटा उघड-मीट करत बसायचे. सहाव्या दिवशी ते स्टँडवर गेले आणि नांदेडकडं जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला एकच निरोप दिला. प्रत्येक थांब्यावर विचारा, शाळेत एक कोरडी, सावलीची खोली हाय का?

दोन दिवस उत्तर नाही. शेवटच्या संध्याकाळी नांदेडहून आलेल्या गाडीचा कंडक्टर दारातूनच ओरडला, "काका, एका हेडबाईनं खोली देते म्हटलंय! पण शिकवणारं कोणी न्हाई म्हणतेत."

"कुठं?"

"चाकूरला."

काका खाली बसले. मग हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, आता यांना काहीतरी झालं.

बाजा कडब्याच्या ट्रकमधून गेला, कडब्यावरच निजवून. काका हौद्यात शेजारी बसले होते, एक हात बाजावर ठेवून. ट्रक सुटताना त्यांनी तोंडानं डबल बेल दिली. मी रस्त्यात उभी राहून रडले, याची मला तेव्हा लाज वाटली होती, आता वाटत नाही.

माझं लग्न ठरलं ते नांदेडला. म्हणजे सगळा रस्ताच माझ्या वाट्याला आला, पण उलटा. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरून निघाले, तेव्हा चाकूर आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, जरा उतरते. तो गांगरला. गाडीच्या कंडक्टरला कोणाकडं जायचंय ते सांगितलं, तर तो म्हणाला, "जा बाई, जा. आपली गाडी दहा मिन्ट चहापाणी." शाळा रस्त्यालाच होती. खिडकीतून 'लोहा रिटर्न' ऐकू येत होतं, जरा अडखळत.

काका तसेच होते, फक्त सदरा पांढरा. रोज सकाळी लातूरहून येत, संध्याकाळी परत जात. मला बघून त्यांनी पोरांना बाकावरून उठवलं. "सरका, पुढं सरका. जुना पाशिंजर आलाय." मी बसले. टक टक टक टक. नांदेड, सोनखेड, लोहा, ड्रायव्हर बदलला, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद. माझी अनामिका उचलली आणि हवेत राहिली.

"टिंग," काका म्हणाले. एकच बेल.

मी थांबले. त्यांनी चिमट्याचं टोक माझ्या बोटावर अलगद टेकवलं. "उतरा बाई. चाकूर आलं."

मी बोट टेकवलं. वाजलं. थोडं घोगरं, पण खरं, जागेवरचं. पोरांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही, त्यांनी तर ते पहिल्या दिवसापासून ऐकलेलं.

"कसं काय धरलं खुंटीनं?"

काकांनी बॉनेट उघडलं, माझ्यासमोर पहिल्यांदाच. लाल नाडा नव्हता. खुंटीच्या बुडाशी घट्ट गुंडाळलेला गुलाबी कागद दिसत होता. "इथला सुतार म्हनला, भोक मोठं झालंय, जाडसर कागद गुंडाळून ठोका. म्यां खिशात हात घातला तं हेच निघालं. लातूर ते चाकूर. तीन दिवसाचे तीन तिकिटं लागले."

काका खाली बघून चिमट्याशी चाळा करत होते.

"वीस वर्ष लोकायला तिकिटं फाडली," ते म्हणाले. "कंडक्टरकडं सोताचं तिकीट कधीच नसतंय. असतं, तं केव्हाच ठोकलं असतं."

बाहेर आमच्या गाडीनं हॉर्न दिला. मी त्यांच्या पाया पडले, तेव्हा ते म्हणाले, "आक्काला सांगा, बाजा पानी पितो अजून. साबणाचं बी चालतंय." नवरा दारात उभा राहून सगळं बघत होता आणि त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, हे कोण? मी म्हटलं, सांगते, शिरूर ताजबंद येऊ दे. आणि तोवर समोरच्या दांड्यावर अनामिका टेकवून चाकूर वाजवत बसले.